रेषेला टांगलेलं इंग्रजी

दर रविवारी सकाळी सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये उज्ज्वल आपल्या लेकीला, अंजलीला, मराठी शुद्धलेखन घाली आणि दर रविवारी दोघांचं तिथंच वाजे. तेरा वर्षांची अंजली आखीव वहीत देवनागरी अक्षरं इंग्रजीसारखी रेषेवर बसवायची. आपलं अक्षर रेषेवर बसत नाही, रेषेला टांगतात, हे सांगून सांगून आणि वहीत लाल फुल्या मारून तो थकला होता.

त्या दिवशी मात्र त्याचं अर्धं लक्ष टेबलावरच्या दुसऱ्याच एका वहीत होतं. वन-नॉर्थ भागातल्या ज्या संस्थेत तो संशोधक होता, तिथं लोकांनी घरातून आणलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. त्याच्या आजोबांची, दादारावांची, वही त्यात मांडली जाणार होती. सोबतच्या कार्डाचा मजकूर संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

वही कसली, अख्खं पुस्तकच ते. १९३६ साली दादाराव नागपूरला कॉलेजात होते. उष्णतेवरचं इंग्रजी पुस्तक विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लायब्ररीची प्रत सुट्टीत गावी नेऊन त्यांनी ती टाकानं उतरवून काढली. तीनशे बारा पानं, आकृत्या, कोष्टकं, तळटिपांसकट. अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी. मधली त्रेचाळीस पानं तेवढी वेगळी, जाडसर, थरथरत्या अक्षरांची. हिवतापानं फणफणलेले असतानाही आजोबा लिहीतच राहिले, असं घरात सगळे सांगत. उज्ज्वलचा सारा जीव त्या पानांत. पीएचडी करताना गाडं अडलं की तो तीच उघडून बसे. कार्डावरही त्यानं तेच लिहिलं होतं: 'तापातही न थांबता, एकहाती उतरवलेलं पुस्तक.'

अंजलीनं वहीत डोकावून पाहिलं. "बाबा, पणजोबा पण राँग लिहितात लाह," ती तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "इंग्लिश रेषेला टांगलंय."

उज्ज्वल हसला आणि हसता हसता थांबला. त्या त्रेचाळीस पानांत प्रत्येक इंग्रजी अक्षर रेषेला लोंबत होतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. मागच्यापुढच्या पानांवर तीच अक्षरं रेषेवर नीट बसलेली. तापानं हात कापेल, पण वर्षानुवर्षांची सवय उलटी कशी होईल? शिवाय त्यांतल्याच एकशे तिसऱ्या पानावर लायब्ररीचा गोल शिक्का होता, तोही टाकानं काढलेला, आतल्या तारखेसकट. त्याच्याखाली लाल शाईत आजोबांच्या हातचा मराठी शब्द: 'बरोबर'. हा तो आजवर आजोबांचा विनोद समजत आला होता. पण धडा कुठला आणि शिक्का कुठला हे कळणारा माणूस शिक्का कशाला उतरवील?

त्यानं अमरावतीला आईला फोन लावला. लताबाईंना त्यानं लोंबत्या अक्षरांचं आणि शिक्क्याचं सांगितलं.

"सासूबाई म्हणायच्या ना," त्या म्हणाल्या, "म्याबी लिवलं हाये तुमचं इंग्रजी. आम्ही सगळे हसायचो रे. थट्टा वाटायची."

सासूबाई म्हणजे उज्ज्वलची आजी, भिकाबाई. लग्नानंतर नवऱ्यानं मुळाक्षरं शिकवली, तेवढंच तिचं शिक्षण. नवरा तापात पडलेला, पुस्तक परत करायची तारीख तोंडावर आलेली, आणि ही बाई एकेक अक्षर चित्रासारखं न्याहाळत काढत बसली. एका ओळीचाही अर्थ कळत नसताना त्रेचाळीस पानं! उज्ज्वल दहावीत असेपर्यंत ती होती. तिला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तरी क्षणभर वाटलंच, कार्ड आहे तसंच जाऊ द्यावं. आजोबांची ती तापातली पानं गेली, तर आपण इतकी वर्षं कशाच्या आधारावर उभे होतो? उत्तर शोधायला त्यानं वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. स्वतःच्या पानांवर दादारावांनी मागाहून लाल शाईनं चुका दुरुस्त केल्या होत्या, कुठं दोन, कुठं चार. त्या त्रेचाळीस पानांत एकही दुरुस्ती नव्हती. होता तो फक्त शिक्क्याखालचा तेवढा शब्द. तो विनोद नव्हता. मास्तरांनी आपल्या एकुलत्या एक विद्यार्थिनीची वही तपासली होती.

उज्ज्वलनं कार्डावरचं 'एकहाती' खोडलं. दोन हातांनी उतरवलेलं पुस्तक, असं लिहिलं, आणि खाली दादारावांच्या नावाशेजारी दुसरंही नाव यायला हवं म्हणून पेन अंजलीच्या हातात दिलं. तिनं जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर रेषेला टांगत, पणजीचं नाव लिहिलं: भिकाबाई.

त्यानं लाल पेन उचललं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बरोबर'.