टाकीतलं विसर्जन

राजसने जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये दक्षिण अमेरिकेतला रेडटेल कॅटफिश आणला, तेव्हा तो बोटभर होता. आता हातभर झाला होता आणि दिसेल ते गिळत होता. तरीही राजसच्या बायकोने, शाल्मलीने, गणपती म्हणून पुजलेली सुपारी विसर्जनासाठी माशाच्याच टाकीत सोडली.

"पाणी ते पाणी," ती म्हणाली.

मिश्या हलल्या. सुपारी गेली. मासा आ वासून तडफडू लागला.

"घशात अडकली. मरणार हा," राजस पुटपुटला.

"विसर्जनाच्या दिवशी घरात मरण नको," राजसची आई म्हणाली. "काढ ती."

राजसने डावा हात पुढे केला.

"अरे, देवाला डावा हात लावतात का?" आईने हटकलं.

त्या जबड्यात उजवा हात मनगटापर्यंत सहज मावला असता. पण आई मागेच उभी होती, म्हणून त्याने डोळे मिटून उजवाच घातला.