डाव्या हाताचं बोट

आन्सेल्मो पेगेरोला अख्खं बाराओना गाव आगविझव्या म्हणायचं. बेसबॉलच्या सामन्यात आधीच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, आग लावून ठेवली, बेसवर शत्रूचे गडी येऊन बसले, प्रेक्षकांनी आपल्याच माणसांच्या आयांचा उद्धार सुरू केला, की कुंपणाआडून आन्सेल्मो डुलत डुलत यायचा, उरलेली नववी, म्हणजे शेवटची इनिंग गुंडाळायचा आणि घरी जाऊन घेवडा-भातावर ताव मारायचा. जन्मभर त्याने हेच केलं. अमेरिकेत मोठ्या लीगमध्ये दोन हंगाम, मग मेक्सिकोत काही वर्षं, आणि हिवाळा आला की न चुकता इथे, आपल्या पेलिकन संघात. सामना सुरू करायला मात्र तो एकदाही गेला नाही. कुणी विचारलं तर मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "सुरुवात काय, कुणीही करतं. शेवट करायला आन्सेल्मो लागतो."

आणि खरंच लागायचा हो! पण या हिवाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, खेकडे संघाने त्याला धरून चोपला. जेव्हा जेव्हा समोर आले तेव्हा तेव्हा धुतला. आणि आता रविवारी पुन्हा तेच खेकडे. जिंकेल तो अंतिम फेरीत, हरेल तो घरी.

शुक्रवारी मॅनेजर चागो विलामानने त्याला बाजूला घेतलं. चागो सरळ माणूस, पोटात एक ओठात एक असं नाही.

"रविवारी नववी इनिंग त्या अमेरिकन पाहुण्या पिचरला देतोय. तू ये, बस, सूर्यफुलाच्या बिया खा. आपण सोमवारी बोलू."

सोमवारी बोलू म्हणजे काय, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एकोणचाळीस वर्षांचा खांदा एकदा घरी बसला की त्याला दुसरं कुणी बोलवत नाही. आन्सेल्मोने मान डोलावली. घरी येऊन मिरेलिसला, म्हणजे बायकोला, त्याने सांगितलं, "चागोचं डोकं फिरलंय. माझ्या हातात अजून जोर आहे."

"आहेच," ती म्हणाली. "मला काय सांगतोस? मी कपडे धुते तुझे, चेंडू नाही झेलत."

शनिवारी दुपारी नेहमीप्रमाणे बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव मांडला. नेहमीप्रमाणे म्हणजे तरी काय, आन्सेल्मोचा भिडू रादामेस केसादा आला नव्हता. रादामेस हा जिवाभावाचा मित्र. आन्सेल्मोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानेच हातांवर धरलेलं, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. वर्षानुवर्षं तो या टेबलाशी आन्सेल्मोच्या समोर बसत आलेला. पण यंदा तो खेकड्यांकडून खेळत होता, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी शत्रूच्या घरी डॉमिनो खेळणं बरं दिसत नाही. मग त्याच्या खुर्चीत मिरेलिस बसली. समोर दोघे शेजारी.

आन्सेल्मो दुहेरी पाचाची सोंगटी दाबून बसला होता. चेहरा असा, की चर्चमधल्या संताने शिकावं.

"टाक आता ते दुहेरी पाच," मिरेलिस म्हणाली. "किती वेळ कवटाळून बसशील?"

शेजारी ओरडले, "ए, फाउल! भिडूला सांगायचं नाही!"

"तुला कसं कळलं?" आन्सेल्मोने विचारलं.

"बोटावरून. डाव्या हाताचं. काही लपवलंस की तुझं ते पहिलं बोट वर उठतं. लग्नाआधीपासून उठतंय."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"का सांगू? नवऱ्याची एवढी एक खूण तरी बाईच्या हाती असावी की नाही?"

शेजारी खो खो हसले. आन्सेल्मो हसला नाही. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. याच हातात हातमोजा असतो. आणि हातमोज्याच्या मागच्या फटीतून हेच बोट तो पहिल्यापासून बाहेर ठेवायचा. वेगवान चेंडूत काही लपवायचं नसतं, तो सरळ अंगावर जातो. पण त्याचा संथ चेंडू म्हणजे चक्क थाप. हात तसाच जोरात फिरायचा आणि चेंडू मात्र रमतगमत यायचा. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा!

"मैदानावरही उठतं का गं?"

"मला काय ठाऊक? तू चेंडू टाकतोस तेव्हा मी डोळे मिटून देवाचं नाव घेत असते."

"मग कुणाला ठाऊक असेल?"

मिरेलिसने ती बसली होती त्या खुर्चीच्या हातावर थाप मारली. "इथे बसतो त्याला."

बाकी कुणी मारलं नव्हतं त्याला या हिवाळ्यात. फक्त खेकड्यांनी. आन्सेल्मोच्या तोंडून आधी एक सणसणीत शिवी गेली, आणि मग तो इतका हसला की टेबलावरचे डॉमिनो पडले. खांदा शाबूत होता! राग आला तो फक्त स्वतःचा. कोंपाद्रेने खूण आपल्या संघाला सांगितली ते बरोबरच केलं, तोही पोटासाठीच खेळतो.

"मग बोट आत घाल की मोज्यात," एक शेजारी म्हणाला.

"आत कशाला? वाचतायत ना ते? वाचू दे." तो उठला. अंगणाच्या भिंतीवर संध्याकाळपर्यंत चेंडू आपटत राहिला. बोट वर, आणि चेंडू वेगवान. पुन्हा बोट वर, पुन्हा वेगवान. मिरेलिसने भिंतीचा रंग गेला म्हणून दोनदा कटकट केली.

रविवारी दुपारी तो चागोसमोर उभा राहिला. "नववी मला दे."

"पेट्रोल ओतायला?"

"सोमवारी बोलायचंय ना तुला? बोल की. आज चेंडू दे."

चागोने दिला नाही. पण नवव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी, तीनपैकी दोन गडी बाद, आणि अमेरिकन पाहुण्याने दुसरा नि तिसरा असे दोन्ही बेस शत्रूला बहाल केले. पुढचा बॅटर रादामेस. एक फटका, की सामना गेला. चागो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत मैदानात आला आणि त्याने कुंपणाकडे हात केला.

"आजोबा आले, आजोबा!" कुणीतरी वरून ओरडलं. "काठी विसरले वाटतं!"

आन्सेल्मोने टोपी काढून त्याला मुजरा केला.

"खांदा कसा आहे, कोंपाद्रे?" रादामेसने बॅट हलवत विचारलं.

"तुझ्यासाठी ताजा ठेवलाय."

पहिला चेंडू त्याने मुद्दाम खरा टाकला. बोट वर, चेंडू संथ. रादामेस वाटच पाहत होता. असा टोला हाणला की चेंडू खांबाच्या अगदी बाहेरून गेला, आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. चागोने डोळ्यांवर हात ठेवला. फाउल, म्हणजे फटका वाया आणि वर एक स्ट्राइक. आन्सेल्मोलाही घाम फुटला, का फुटू नये? इतक्या लांब जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसरा चेंडू बोट खाली ठेवून वेगवान. तोही रादामेसने ओळखला, पण घाई केली आणि चेंडू मागे जाळीत गेला. दोन स्ट्राइक. तिसरा पडला, की गडी बाद.

आता रादामेसची नजर चेंडूवर नव्हतीच. ती हातमोज्यावर होती.

आन्सेल्मोने बोट उचललं. नीट, सावकाश, शेवटच्या रांगेतल्यालाही दिसेल असं. आणि होता नव्हता तो सगळा जोर लावून कमरेच्या उंचीवर सरळ चेंडू सोडला. रादामेसची बॅट खांद्यावरून हललीच नाही. कॅचरच्या मोज्यात असा आवाज झाला की पंचाने दिलेली तिसऱ्या स्ट्राइकची हाक कुणाला ऐकूही आली नाही.

गर्दी मैदानात उतरेपर्यंत रादामेस तिथेच उभा होता. मग त्याने आन्सेल्मोकडे पाहत डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

"कुणी सांगितलं रे?"

"तुझ्या खुर्चीने."

"मेल्या!" असं म्हणून रादामेसने त्याला मिठी मारली. चागो आला तो धापा टाकत. "सोमवारी काय बोलायचं नाही. पुढच्या हिवाळ्याचं बोलू. येशील ना?"

"बायकोला विचारतो," आन्सेल्मो म्हणाला.

घरी मिरेलिसने ताट वाढलं होतं. घेवडा, भात, वर तळलेलं केळं. या वेळी पहिल्यांदाच तिने डोळे उघडे ठेवून सामना पाहिला होता, त्यामुळे आवाज बसलेला. समोर बसून ती त्याला जेवताना बघत राहिली.

"चागो काय म्हणाला?"

"पुढच्या हिवाळ्यात ये म्हणाला."

"मग?"

"छे गं. बस झालं आता. खांदा किती ताणायचा? हा हंगाम शेवटचा. देवाशपथ."

मिरेलिसने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ताटाशेजारी टेबलावर त्याचा डावा हात पडला होता. त्यातलं पहिलं बोट हळूच वर आलं होतं, आणि या खेपेला ते त्याने उचललेलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याला आणखी भात वाढला.