सात वाजताची लाईन

"मॅडम, लाईन तुमच्याकडूनच तुटते," असं गरुड नेटचा माणूस पुन्हा म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माझ्याकडून? मी काय कात्री घेऊन बसलेय वायर कापायला?" तो म्हणाला, "घरात पॅरलल फोन आहे का? तो कोणी उचलला की इंटरनेट तुटतं." म्हटलं, आहे, पुढच्या खोलीत आहे, पण त्याला कोणी हात लावत नाही, सगळ्यांना ताकीद दिलीय. "मग टेलिफोनवाल्यांना विचारा," म्हणाला शहाणा. मी रिसीव्हर आपटला. त्याला चीर गेली आणि वर सासऱ्यांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

साल नव्व्याण्णव. आमचं घर कोपरला. सासरे दामाजी म्हणजे गावातले जुने जमीनवाले. शेतं बिल्डरला गेली आणि त्या पैशात दुमजली घर, फोन, मोठा टीव्ही असं एकेक येत गेलं. कॉम्प्युटरही त्यातलाच. तो आणलेला माझ्या नवऱ्यासाठी, आनंदासाठी. आनंदा त्याच्यावर चार दिवस पत्ते खेळला आणि कंटाळला. मग तो डबा माझ्या वाट्याला आला.

मी बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा पास. पण लग्न ठरतानाच सासऱ्यांनी सांगितलेलं, आमच्या घरच्या सुना नोकरीला जात नाहीत. पैशाला तोटा नव्हता, त्यामुळे "कशाला पायजे नोकरी?" याला माझ्याकडे धड उत्तरही नव्हतं. पायजे होती, बस. सकाळी मासळी साफ करा, दुपारी भाकऱ्या थापा, संध्याकाळी पुन्हा तेच. जीव नुसता आंबून जायचा. मला माझं म्हणून काहीतरी हवं होतं, आणि ते या घराच्या चार भिंतींतच मिळालं तर मिळणार होतं.

ते मिळालं ठाण्याच्या उत्तराताईंकडून. नौपाड्यात त्यांचं छोटं ऑफिस. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल कॅसेटवर बोलतात, ते ऐकून टाइप करायचं. कॅसेटी मी आठवड्यातून एकदा जाऊन आणायच्या, आणि टाइप केलेली फाईल रोज संध्याकाळी साडेसातच्या आत इंटरनेटवरून त्यांना पाठवायची, कारण तेव्हा तिकडे ऑफिसं उघडतात. "एक महिना बघते, मालू," त्या म्हणाल्या. "वेळेत आलं तर काम कायमचं तुझं. नाही तर मला दुसरी मुलगी शोधावी लागेल." घरी सासऱ्यांनी त्यावर आपली अट ठेवली. "महिनाभर कर काय करायचं ते. नाय जमला तर हा डबा विकीन, आणि परत नोकरीचं नाव काढायचं नाय." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग इंटरनेट कोणाचं घ्यायचं हा घोळ सुरू झाला. सरकारी घ्यावं तर वर्षभराचे एकदम भरायचे, आणि माझा तर महिन्याचाही भरवसा नव्हता. पेपरात एका कंपनीची जाहिरात होती, 'खास ठाणे जिल्ह्यासाठी, सर्वात स्वस्त'. म्हटलं, आम्ही जिल्हा ठाणेच की. कोर्टकचेरी ठाण्याला, सातबारा ठाणे जिल्ह्याचा. घेऊन आले. मॉडेम लावला, नंबर फिरवला, आणि फोनमधून बाई बोलली की ही सुविधा उपलब्ध नाही. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर उजेड पडला. फोनच्या हिशेबात ठाणं मुंबईत आणि आम्ही कल्याणात. कंपनीचा नंबर ठाण्याचा, म्हणजे आमच्या घरून तो लागणार एसटीडी, परगावच्या दराने. आणि एसटीडीला सासऱ्यांनी लॉक घातलेलं. उघडून घ्यायचं म्हटलं तरी रोज एसटीडी लावून फाईल पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कंपनीवाला पैसे परत देईना. मी तिथं जाऊन त्याच्या टेबलाशी तासभर बसले, तरी देईना.

म्हणून मग गरुड नेट. त्यांचा नंबर कल्याणचा, म्हणजे आम्हाला लोकल. तासांच्या हिशेबाने पॅक मिळायचा, तोही परवडणारा. पहिले दोन दिवस मी खूश. मग लक्षात आलं, दिवसा कधीही लावा, नीट चालतं. पण मी फाईल पूर्ण करून पावणेसातला बसले की नंबर लागेलागेपर्यंत सात वाजायचे, आणि बरोबर सातच्या आसपास लाईन खटकन तुटायची. पुन्हा लावा. पुन्हा कर्रकर्र, किर्रकिर्र, पुन्हा पासवर्ड, पुन्हा तुटली. एकदा फाईल साडेसातला एक मिनिट असताना गेली. दोनदा गेलीच नाही. उत्तराताईंनी फोन केला, आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "मालू, तुझं टायपिंग चांगलं आहे गं. पण नुसत्या चांगल्या टायपिंगचं मी काय करू?"

मला बसवेना की उठवेना. आनंदा म्हणाला, "अगं सातला सगळी दुनिया लावते, ट्रॅफिक असणार." ते ऐकून मी गरुड सोडलं आणि सुलभ नेट घेतलं. महाग होतं. माझ्या माहेरच्या पैशातून घेतलं, कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईकं कमी म्हणून लाईन भक्कम, असं त्यांचा माणूस म्हणालेला. पहिल्याच संध्याकाळी सात वाजले आणि तुटली.

आता मात्र मी पेटले. खुर्ची मागे ढकलली आणि तरातरा पुढच्या खोलीत गेले, टेलिफोनच्या डब्यातली वायर तपासायला. तर तिथं सासूबाई. कमळाबाई माझ्या, कधी चढ्या आवाजात न बोलणाऱ्या. पॅरलल फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभ्या, डोळे घड्याळाकडे.

"आये," मी म्हटलं, "काय करताय?"

त्यांनी रिसीव्हर ठेवला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं. "काय नाय बाय. बघत होती, फोन चालू हाय का मेला."

"तुम्ही शप्पथ घेतलेली ना, हात लावत नाही म्हणून?" मी ओरडलेच. "तुमच्यापायी दोन दोन कंपन्यांना शिव्या घातल्या मी. महिना संपत आलाय माझा. रोज सातलाच कसा आठवतो तुम्हाला फोन?"

त्या पाटावर बसल्या. आतल्या खोलीत सासरे टीव्ही बघत होते, तिकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "कांताची रिंग येते सातला."

कांता माझी नणंद. आंबिवलीच्या कारखान्यातल्या एका परजातीच्या मुलाशी पळून लग्न केलेलं तिनं, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. सासऱ्यांनी सांगून टाकलेलं, या घरातून तिच्याशी कोणी बोलायचं नाही. सासूबाईंनी ते पाळलं, एक शब्द बोलल्या नाहीत. पण शेजारच्या शालूच्या हळदीत कांताच्या मैत्रिणीनं निरोप आणलेला की आये, रोज सातला दोन रिंग देईन आणि ठेवीन. दोन रिंग म्हणजे मी बरी आहे. आपण सगळेच नाही का करत, गावाला पोचलो की दोन रिंग दे म्हणून? उचलायचं नाही, पैसे पडत नाहीत. आणि उचललं नाही म्हणजे बोललंही नाही. सासऱ्यांचा शब्दही राहिला. इतकी वर्षं दिवेलागणीला फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. मी आपली समजायचे, कोणी टवाळ पोरगा ब्लँक कॉल देतोय.

"तुझा तो डबा फोनला जोडला तशी रिंग बंद झाली," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटला फोन बिघडला. म्हणून उचलून बघायची. उचलला की आतमध्ये नुसता कोकलायचा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी इंटरनेट लावून बसले की कांताला तिकडे एंगेज लागत होतं. रिंग येत नाही म्हणून सासूबाई रिसीव्हर उचलत होत्या, आणि त्यांनी उचलला की माझी लाईन तुटत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळच्या भाकऱ्याही दुपारीच उरकून ठेवल्या, फाईल लवकर तयार केली आणि सव्वासातपर्यंत मॉडेमला हात लावला नाही. सासूबाई पाटावर, मी दारात. सात वाजले. वाजून गेले. फोन गप्प. मी सव्वासातला लाईन लावली, पहिल्या फटक्यात लागली, फाईल गेली. पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्याही. घरात आता रिसीव्हर उचलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे माझं इंटरनेट असं चालायला लागलं की विचारू नका. सुलभवाल्याचा फोन आला, "मॅडम, आता प्रॉब्लेम नाही ना?" मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण कशाबद्दल ओरडणार?

महिना भरला त्या दिवशी दुपारी उत्तराताईंनी फोन केला. काम कायमचं. मी आनंदाला त्याच्या कंपनीत फोन लावून सांगितलं, त्याची दुसरी पाळी होती. मग कोपऱ्यावरून पेढे आणले. सासऱ्यांच्या हातावर पेढा ठेवला, त्यांनी खाल्ला, "बरा झाला" एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून तेही पुष्कळ होतं.

सासूबाईंना पेढा दिला तर त्यांनी तो माझ्याच तोंडात घातला. म्हणाल्या, "सव्वासातपर्यंत कशाला थांबते आता? सातलाच लाव तुझा. कोण रिंग देतो आता?"

मी काही बोलण्याआधी आतून सासऱ्यांचा आवाज आला. "किती दिवस झाले, पोरीचा फोन नाय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. सासरे दारात येऊन उभे राहिले. टीव्ही तसाच चालू. "काय बघता? मला कान नाय का? रोज सातला आवाज कमी कोण करतो टीव्हीचा?" ते सासूबाईंना म्हणाले. मग म्हणाले, "नंबर काय तिचा?"

"नंबर कुठला? तिच्याकडं फोन नाय. बूथवरून करायची," सासूबाई म्हणाल्या.

"मग कारखान्याच्या चाळीतच असंल ना?"

"असंल. मला काय म्हायती? तुम्हीच बोलायचा नाय म्हणलेला."

सासरे खुंटीकडे वळले. सदरा चढवला, चपला शोधल्या, एक सापडेना म्हणून माझ्यावर खेकसले. सासूबाईंनी उरलेल्या पेढ्यांची पुडी उचलली, लुगडं बदललं नाही की केस विंचरले नाहीत. मी रिक्षा बोलावून आणली आणि दोघं गेली.

मी एकटी. सात वाजता बसले, फाईल पाठवली, लाईन एकदाही तुटली नाही. वायर काढून फोनला लावली. मग उगाच ओट्यावर गेले, परत आले, भांडी घासली, ती घासलेलीच होती. मनात येईल ते येत होतं. चाळ सोडली असेल. आजारी असेल. त्याच्याहून वाईट काही असेल, आणि आम्हाला इथं कळलंसुद्धा नसेल, कारण मी अमेरिकेतल्या कुणाकुणाचे गुडघे टाइप करत बसलेली.

फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"वहिनी? कांता बोलतेय."

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "बरी आहेस ना गं?" एवढंच म्हटलं.

"बरी आहे. आये इथंच आहे, माझा हात सोडत नाय. बाबा बूथच्या बाहेर उभे. आत या म्हटलं तर म्हणतात, तू बोल, मीटर चालू हाय." ती हसली आणि मध्येच थांबली. "वहिनी, एक विचारू? सातला फोन बाजूला कोण काढून ठेवायचं? रोज एंगेज. मला वाटलं, आयेनंच काढून ठेवला. आता हिलाही मी नको झाले. मग मी रिंग द्यायची सोडली."

"मी होते गं," मी म्हटलं. "माझं काम असायचं फोनवर. टायपिंगचं."

"काम? तुझं?" ती म्हणाली. "बाबांनी करू दिलं?"

"हो. आज कायमचं झालं."

तिकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, तुटली. मग ती रडतेय हे कळलं. "चांगलं झालं," ती रडत रडत म्हणाली. "मी पण हेच मागितलेलं त्यांच्याकडं. लग्नाच्या आधी. नोकरी करू द्या म्हणून."