दोन तासांची कूस

“आता एंटर मारा, नाना,” तृप्ती म्हणाली. म्हणाली म्हणजे तिचे ओठ हलले आणि सहादूनं ते वाचले.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत सुटल्या. खुर्चीच्या टोकाला बसलेला बाप आणि पलंगावर कुशीवर पडलेली लेक, दोघंही टक लावून बघत राहिले. आठव्या मिनिटाला ओळी लाल झाल्या आणि थांबल्या. काल पाचव्या मिनिटाला थांबल्या होत्या. तीन मिनिटांनी का होईना, गाडं पुढं सरकलं, असं सहादू म्हणाला. तृप्तीनं डोळे मिटून घेतले.

अठरा दिवस हेच चाललं होतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथं घडेच्या घडे रिकामे झाले तरी नमन काही संपेना. खरं काम तृप्तीनं कधीच करून ठेवलं होतं. ते ज्या प्रोग्रामात बसवायचं, तो प्रोग्राम आधी या जुन्या लॅपटॉपवर मुळापासून उभा करायचा होता, आणि तो उभा राहत नव्हता. एक वस्तू जुनी म्हणून दुसरी हटून बसायची, नवी आणली की पहिली रुसायची. लग्नातल्या दोन व्याह्यांची समजूत काढणं यापेक्षा सोपं, असं सहादूचं मत झालं होतं.

हा सहादू बोरस्ते ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. सकाळी म्हसरूळहून कंपनीच्या बसनं जायचा, दिवसभर पत्रे जोडायला रिबिटं मारायचा, संध्याकाळी परत यायचा. रिबिटं मारून मारून कान अधू झाले, ते सोडलं तर नोकरीनं त्याचं काही वाईट केलं नाही. दोन गोष्टी मात्र हाडात मुरल्या. एक, टेबल साफ केल्याशिवाय नव्या कामाला हात लावायचा नाही. कोणाचा एक वॉशर जरी विमानाच्या पोटात विसरला, तरी वर आभाळात माणूस मरतो. दोन, अपुऱ्या कामावर शिक्का मारायचा नाही, मग समोर साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप. हे नियम त्यानं घरातही असे घोटून घेतले की दुसरीतली तृप्ती अर्ध्या पाढ्यावर बाईंना सही करू द्यायची नाही. आळीतली माणसं हसायची. सहादूला भूषण वाटायचं.

तीच तृप्ती पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी येताना हायवेवर गाडी उलटली आणि मानेखालचं सगळं गेलं. दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. नळी निघाली, पण आवाज परत आला तो नुसत्या वाऱ्यासारखा. बोलून चालणाऱ्या फोनला तो ऐकू जायचा नाही. सहादूच्या कानांचं तर विचारूच नका, म्हणून तो ओठ वाचायला शिकला. आई सुलाबाई जीव ओवाळून टाकायची, पण तिला ओठांवरचं पाणी, भूक, कूस एवढंच कळायचं. बाकीची तृप्ती जगात एकट्या सहादूला कळायची. आणि सहादूचं वय चौसष्ट, छातीत एकदा कळ येऊन गेलेली. आपल्यामागं हिचे ओठ कोण वाचणार, हा एक विचार त्याला जेवू देत नव्हता.

त्यावरचा उपाय तृप्तीनंच शोधला. अशा माणसांसाठी एक फुकटचा प्रोग्राम आहे. कॅमेरा डोळ्यांकडे बघतो आणि डोळे जातील तिकडे पडद्यावरचा बाण जातो. पापणी मिटून धरली की बटण दाबलं गेलं. तो कोणा कंपनीचा नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून तो बनवतात, गावच्या भंडाऱ्यासारखं, ज्याला जमेल त्यानं वाढायला उभं राहायचं. त्यात खोट एवढीच होती की बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला ओळखू यायचा, कुशीवर पडलेल्याचा नाही. आडवं माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हतं. तृप्तीला तर बसवताही येत नव्हतं, पाठीवरही ठेवता येत नव्हतं. माकडहाडाशी जखम होती. दोन तास भिंतीकडच्या कुशीवर, दोन तास खोलीकडच्या, असं घड्याळ लावून सहादू तिला वळवायचा आणि वहीत वेळ लिहायचा.

मग ती खोट आपणच काढायची असं तिनं ठरवलं. खोलीकडच्या कुशीवर असली की ती ओठांनी सांगायची आणि सहादू एका बोटानं टाइप करायचा. अडीच महिन्यांत चारशे अकरा ओळी झाल्या. त्यातलं त्याला काही कळलं नाही, पण अक्षर एक चुकू दिलं नाही. कॅमेऱ्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा स्टँड त्यानं स्वतः रिबिटं मारून केला. नॉर्वेतल्या एका बाईकडे त्या प्रोग्रामाची देखरेख होती. तिनं कळवलं, रविवारपर्यंत पाठव, नवी आवृत्ती निघतेय, या खेपेला घेऊ. त्यानंतरची खेप सहा महिन्यांनी. मात्र पाठवण्याआधी तुझ्या मशीनवर सगळं उभं करून, तपासून दाखव.

त्या ओळी कायमच्या नोंदवून ठेवायची एक आज्ञा असते. सहादूनं दोनदा विचारलं, ती मारून टाकू का. तृप्तीनं मान्य केलं नाही. आधी चालू तर होऊ द्या, म्हणाली, अपुऱ्या कामावर शिक्का कसा मारायचा, नाना? आणि हसली. सहादूला पुन्हा एकदा भूषण वाटलं.

आज शुक्रवार. सुलाबाई सकाळच्या गाडीनं चांदवडला गेली होती, भावजयीच्या दशक्रियेला. घरात दोघंच. बारा वाजता सहादूनं तृप्तीला वरणभात भरवला, अंगात कसर होती म्हणून गोळी दिली, आणि खालच्या चादरीची दोन टोकं धरून अलगद भिंतीकडे वळवलं. पाठीमागं उशी, गुडघ्यांत उशी. वहीत लिहिलं, बारा, भिंत. पाच मिनिटांत तिला झोप लागली.

सहादू पुन्हा लाल ओळींपुढं बसला. त्याचं इंग्रजी आयटीआयपुरतं, पण चष्मा पुसून, बोट ठेवत ठेवत त्यानं शेवटच्या ओळीचा अर्थ लावला. आधीच्या कामाचे अवशेष शिल्लक आहेत, साफ करून पुन्हा सुरुवात करा, असं काहीसं ती म्हणत होती. सहादूनं कपाळावर हात मारला. अठरा दिवस आपण घाण टेबलावर काम करतोय, आणि चौतीस वर्षांच्या फिटरला ते सुचू नये? अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

साफ करायची आज्ञा त्याच्या वहीत होती. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका फोल्डरसाठी तृप्तीनं सांगितली होती, ती त्यानं जशीच्या तशी उतरवून घेतली होती. त्यानं ती टाइप केली. यंत्र अडलं, असं होणार नाही, जबरदस्ती करायची असेल तर अमुक अक्षर लाव, म्हणालं. तेही अक्षर वहीत होतं. झोपलीय तोवर करून टाकू, उठेल तेव्हा तयार दिसेल. पोरीनं इतकं सोसलं, तिला एक दिवस तरी आयतं मिळू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं अक्षर लावलं आणि एंटर मारलं. काढलं, काढलं, काढलं अशा दहाबारा ओळी झरकन वर गेल्या आणि पडदा कोरा झाला. कोरं टेबल बघून सहादूला बरं वाटलं.

मग त्यानं सकाळचीच आज्ञा पुन्हा दिली. आठ मिनिटं झाली, थांबलं नाही. पंधरा झाली, वीस झाली. पंख्यासारखा आवाज करत लॅपटॉप तापला, पण चालत राहिला, आणि पाऊण तासानं तपासण्या सुरू झाल्या. एकेका ओळीपुढं हिरवी खूण येत गेली. सहादूनं त्या बोटांवर मोजल्या, मग मोजायचं सोडलं. सगळ्या हिरव्या. त्याला वाटलं तिला हाक मारावी, पण झोपेतून उठवायचं नाही हाही नियम होता. तो उठला, हात धुतले, देवापुढं उदबत्ती लावली आणि उगाच दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. नोकरीत पहिलं विमान आभाळात गेलेलं बघितलं होतं त्या दिवशी असंच झालं होतं.

दोन वाजता त्यानं तिला खोलीकडे वळवलं. ती जागीच होती.

“चालू झालं, ताई. बघ, सगळं हिरवं हाय.”

तृप्तीनं पडद्याकडे बघितलं. आधी विश्वास बसेना, मग तिचा सगळा चेहरा हसला. असं हसणं सहादूनं दोन वर्षांत बघितलं नव्हतं. तिनं कॅमेरा लावायला सांगितला. त्यानं स्टँड सरळ केला, खिडकीवजा चौकोन उघडला, आणि त्यात अक्षरं आली की कोणी दिसत नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, माझं काम अजून जोडलं कुठं? आता जोडू. माझा फोल्डर उघडा.

सहादूनं शोधला. वरून खाली, खालून वर. फोल्डर नव्हता.

“नाना, तुम्ही काय केलं होतं?”

“टेबल साफ केलं आधी,” सहादू म्हणाला, आणि वही तिच्या डोळ्यांपुढं धरली.

तिनं वाचलं. हसू लगेच गेलं नाही, जायला थोडा वेळ लागला. तिचा फोल्डर त्याच प्रोग्रामाच्या पोटात ठेवलेला होता, आणि जे नोंदवलेलं नाही ते सगळं कचरा, असंच ती आज्ञा धरते. कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा ठेवत नाही. तृप्तीनं एक आज्ञा सांगितली, सहादूनं टाइप केली. दुसरी सांगितली, तीही केली. सहा झाल्या, सात झाल्या. एकही अक्षर तो चुकला नाही. आठवी तिनं सांगितलीच नाही.

“सांग ना, पुढं काय मारू?”

“काही नाही, नाना.”

“चारशे अकरा वळी व्हत्या. अशा कशा जातील?”

“गेल्या.”

आपल्या हातून काय झालं ते सहादूला तेव्हा पुरतं कळलं. हिला आपल्यामागं तोंड मिळावं म्हणून अडीच महिने बोट झिजवलं, आणि त्याच बोटानं ते पुसलं. शिव्या दे मला, तो म्हणाला, काय वाटंल ते बोल. तिच्या वरच्या डोळ्यातलं पाणी नाकावरून ओघळून खालच्या डोळ्यात गेलं. पुसायला घरात दुसरा हात नव्हता. सहादूनं पंचा घेतला आणि दोन्ही डोळे पुसले.

“मला भिंतीकडे करा,” ती म्हणाली.

आत्ताच तर त्या कुशीवरून उठलीस, कातडी लाल हाय अजून, असं तो सांगायला लागला.

“करा.”

माणूस रागावला तर तोंड फिरवतो, उठून जातो, दार आपटतो. हिला बापावर रागवायलाही बापाचेच हात लागत होते. सहादूनं चादरीची टोकं धरली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पाळी मोडून तिला वळवलं. पाठीमागं उशी, गुडघ्यांत उशी. वहीत मात्र लिहिलं नाही.

पलंग भिंतीला लागून होता. तिकडून तिचा चेहरा दिसायला जागा नव्हती, आणि चेहरा दिसला नाही की त्याच्यासाठी ती गप्प. तो खुर्चीवर बसला. मध्ये एकदा त्यानं बघितलं, कानाखाली तिचा जबडा हलत होता. ती बोलत होती, भिंतीशी. देऊ दे शिव्या, तो मनात म्हणाला, तेवढा तरी निचरा होईल. जबडा थांबायचा, पुन्हा हलायचा. सहादू घड्याळाकडे बघत होता. त्या कुशीला आज आधीच दोन तास झाले होते. रागाला अर्ध्या तासाच्या वर मुदत देता येत नव्हती, कातडी फुटली असती. त्यानं तिच्या कमरेखाली तळहात सरकवला. गरम लागलं.

“ताई, वळवतो गं,” तो म्हणाला. उत्तर आलं असलं तरी त्याला कळणार नव्हतं. त्यानं वळवलं.

तृप्तीचे डोळे सुजले होते आणि ओठ अजून हलत होते. सहादू खाली वाकला. त्या शिव्या नव्हत्या. लॅपटॉपवर टाइप करून घेताना सांगायची तसं एकेक अक्षर ती म्हणत होती. त्यानं तोंड उघडलं तशी ती म्हणाली, “मधे बोलू नका.” पुन्हा डोळे मिटले, ओठ थोडे हलले, अडकले, मागं गेले, परत तिथंच अडकले.

“तेवीस आठवतात,” ती शेवटी म्हणाली. “चोविसावी येत नाही.”

“रविवार?”

“रविवार गेला, नाना.”

सहादूनं मान हलवली. तिनं डोळ्यांनीच लॅपटॉपकडे खूण केली. त्यानं तो मांडीवर घेतला, चष्मा लावला, नवी कोरी फाइल उघडली. ती सांगत गेली, तो मारत गेला. एक ओळ झाली आणि ती थांबली.

“शिक्का मारा.”

“एकाच वळीवर?”

“हो.”

सहादूनं वहीतली ओळी नोंदवायची आज्ञा काढली. काम अपुरं होतं, पुरं होईल याची खात्री नव्हती. त्यानं शिक्का मारला, आणि दुसऱ्या ओळीसाठी तिच्या ओठांकडे बघितलं.