कळा तिच्या, शहाणपण सगळ्यांचं

मी प्रसूतिकक्षातला चेंडू बोलतोय. जांभळा, रबरी, चांगला गुडघ्याएवढा. हसू नका. बायकांना माझ्यावर बसून, डुलत डुलत कळा सोसता याव्यात म्हणून मला आणलं. आल्या दिवशी सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले आणि मला कपाटामागे ढकललं. तेव्हापासून माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडतात.

एका दुपारी एक शिंपीण आली. दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी तिला खोलीत एकटीलाच ठेवलं होतं. ती भीती अंगात घर करून बसलेली. कळ आली की पलंगाचा दांडा आवळून धरायची, अंग लाकडासारखं ताठ. "मला घरी न्या," एवढंच म्हणायची.

आणि भोवती ही शहाण्यांची फौज!

सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला नाही का झाली पोरं? तोंडातून ब्र काढला नाही." नवरोबा मोबाइलमध्ये बघून हुकूम सोडत होते, "दीर्घ श्वास घे. समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आण." स्वतः मात्र घामाघूम! डॉक्टर दारातून डोकावले, "घाबरायचं नाही हं," म्हणाले आणि गेले. जणू भीती म्हणजे चपला, बाहेर काढून ठेवल्या की झालं.

"समुद्रात तूच जा!" शिंपीण नवऱ्यावर कडाडली.

तेवढ्यात तिची नणंद आली. बस चालवते, गणवेशातच धावत आलेली. तिने फक्त विचारलं, "वहिनी, तुला काय हवंय?"

इतक्या जणांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

"उठायचंय गं. आणि तू जाऊ नकोस."

नर्स म्हणाली, "चालेल, पण त्या चेंडूवर धरून बसवा." टॉवेल उडाले, मी बाहेर आलो.

"हे काय खेळणं?" सासूबाई फणकारल्या.

"आई, तू जरा चहा पिऊन ये," नणंदेने फर्मावलं.

नणंद मागे बसून वहिनीची कंबर दाबत राहिली, गरम पाण्याच्या पिशवीने शेकत राहिली. शिंपीण माझ्यावर डुलत, हुंकार देत श्वास सोडू लागली. दुखायचं तेवढं दुखलंच. मी काही जादूगार नाही. पण आवळलेले दात सुटले. दोन कळांच्या मध्ये ती चक्क नणंदेच्या खांद्यावर पेंगली. दिवस मावळता मावळता मुलगी झाली.

नवरोबा बाहेर सांगत सुटले, "मी श्वास शिकवला ना!"

आता माझी हवा निम्मी गेलीय. बसलात तर थेट जमिनीला टेकाल. पंप खालच्या खणात आहे, वाकायचे कष्ट घ्या. आणि पुढची बाई आली की तोंड मिटा, तिला काय हवंय ते विचारा, तिच्या कमरेला हात लावा. एवढंही जमत नसेल, तर बाहेर बाक आहे. तिथे बसा.