रिकामी जागा

मेहकरच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाला आज सेमीकंडक्टर समजावून सांगायची पाळी विद्यार्थ्यांपैकी प्राचीची होती. पुस्तकातल्या आकृतीत नुसते बाण होते. ते बघून तिचं डोकं पिकलं होतं. मग घराच्या गच्चीवर, जिथं कुठं रेंज मिळते तिथं उभं राहून तिनं एका साइटवरची चलचित्रं पाहिली. निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसले आणि ‘होल’ म्हणजे इलेक्ट्रॉन सरकल्यावर मागं उरणारी रिकामी जागा, हे तिला पहिल्यांदा कळलं. तेच वर्गाला दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

पण वर्गातल्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

‘‘डाऊनलोड काऊन नाही केलं?’’ राजकुमार सरांनी विचारलं.

‘‘त्या साइटवर होतच नाही सर.’’

मैत्रिणीच्या, यास्मीनच्या, मोबाईलचं नेट जोडलं. पान उघडलं, पण कॉलेजचा कॉम्प्युटर जुना. त्यावर चित्र हलेचना. मागं खसखस पिकली. प्राचीचे कान तापले. तिनं कॉम्प्युटर बंदच करून टाकला आणि ती मुलींच्या रांगेकडं वळली.

‘‘पहिली रांग, ऐका. खिडकीजवळची उठा. यास्मीन, तू तिच्या जागेवर सरक. आता तुह्या बाजूची तुह्या जागेवर.’’

एकेक मुलगी खिडकीकडं सरकली आणि रिकामी जागा दाराकडं जात राहिली. खसखस थांबली.

‘‘म्हणजे होल चालतच नाही का वं?’’ मागून गोपालनं विचारलं.

‘‘नाही. आपण सरकतो, म्हणून ते चालल्यासारखं दिसते.’’

‘‘बरं, आता जंक्शन दाखव,’’ सर म्हणाले.

दोन प्रकारचे सेमीकंडक्टर जिथं जुळतात, त्या जंक्शनपाशी प्राची अडली. दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या, तर नुसता गोंधळ उडाला. चित्रात किती सोपं होतं ते! तेवढ्यात घंटा झाली.

‘‘परीक्षेत आकृती काढता आली म्हणजे झालं. उद्या ट्रान्झिस्टर घेऊ,’’ सर म्हणाले.

‘‘सर, जंक्शनच समजलं नाही, तर ट्रान्झिस्टर कसा समजंन?’’ प्राचीनं विचारलं.

‘‘अभ्यासक्रम कोण संपवंन?’’ म्हणत सर निघून गेले.

प्राचीनं वही दप्तरात कोंबली. बाहेर गोपाल उभा होता.

‘‘दुपारच्या सुट्टीत आणखी एकदा सांगतं का? मी नीट पाह्यलं नाही.’’

‘‘मले अर्धंच सांगता येते!’’ ती खेकसली.

‘‘मले तर तेवढंही येत नाही.’’

‘‘रांगेत उभं राहाले चार जण घेऊन ये मग,’’ ती म्हणाली आणि तणतणतच पुढं चालू लागली.