पीळ उघडून पाहिला असता तर

मित्रांनो, मी घायपाताचा एक जुना दोर आहे. टांगा शहराजवळच्या मळ्यात माझी पाती चेचली, वाख उन्हात वाळवला आणि तीन पदर एकत्र वळून मला घडवले. अंगणातली झाडे पाडून देणाऱ्या शेम्दोए यांनी मला बाजारातून आणले, तेव्हा मी चांगला सोनेरी होतो.

घराला लागून असलेले झाड हवे तिकडेच पडायला हवे. ते काम माझे. शेम्दोए मला उंच बेचक्यात बांधत. पडायच्या बाजूला खाच घेत, मागून करवत चालवत आणि मध्ये बिजागरीसारखे थोडे लाकूड राखत. झाडाच्या उंचीपलीकडे उभी राहून माणसे मला ओढत, की झाड घराकडे पाठ करून निमूट आडवे होई. पण त्याआधी दर वेळी ते जागोजाग माझा पीळ उघडून आत बघत, नाक लावून हुंगत. "दोर बाहेरून लबाड असतो," म्हणत. मला तेव्हा फार राग येई.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि मी त्यांचा जावई हेमेदी याच्या हाती आलो. हेमेदी मनाने वाईट नाही, पण घाईचा. आमच्याकडे लग्नासाठी दोर मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. एका मांडवाची ताडपत्री धरून मी आठवडाभर पावसात भिजलो. छपराखाली राहिलेले एक टोक तेवढे कोरडे राहिले. परत आल्यावर हेमेदीने मला ओलाच गुंडाळून कोपऱ्यात टाकले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ तर झोकात होता; आत सुंभच कुजला होता.

मग म्वानाइदी मावशींचे आंब्याचे झाड पाडायचे ठरले. बुंधा पोखरलेला, झाड थेट घरावर झुकलेले. वीस वर्षे मांडाझी, म्हणजे गोड वडे, तळून, विकून मावशींनी ते घर एकेक भिंत करत उभे केले होते. शेम्दोए शेजारच्या ओट्यावर बसले. त्यांनी घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून बाहेर काढले. मग विचारले,

"जावईबापू, पीळ उघडून पाहिलात का?"

"पाहिला हो, बाबा!"

"आणि वास?"

"लग्नाहून आलाय तो. पुलावाचाच येणार की!"

सगळे हसले. म्हातारेही हसले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

खाच झाली, करवत फिरली, सहा जणांनी मला ताणले. माझा एक पदर आतून तुटला, ते कोणाला ऐकू गेले नाही. मग उरलेले दोन तुटले. माणसे पाठीवर आपटली आणि आंबा मागे फिरून घरावर कोसळला.

कोणी मेले नाही. मावशींनी ढिगाऱ्यातून चेपलेली कढई ओढून काढली. "आता यात काय तळू?" त्यांनी विचारले. 

"दोर आण इकडे," शेम्दोए म्हणाले. हेमेदीने माझे कोरडे टोक त्यांच्या हातात दिले. म्हाताऱ्यांनी ते उसवले, चाचपले, हुंगले. "दोर चांगला आहे रे. झाडच दगाबाज निघालं." हेमेदीने मान खाली घालून माझे कुजलेले टोक पायाने मागे सारले. मला त्याची कीवही आली आणि चीडही.

कुजलेला तुकडा कापून त्याने मला गाठ मारली. पण गाठीपासून दोन हातांवर अजून एक जागा कुजलेली आहे, आणि ती मलाच ठाऊक आहे. उद्या सकाळी मास्तरांच्या अंगणातला फणस पाडायचा आहे. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला खाटेसकट बाहेर आणू का, असे मास्तरांनी विचारले.

"कशाला म्हातारीला हलवता?" हेमेदी म्हणाला. "दोर खुद्द बाबांनी तपासलाय."

मित्रांनो, तुमच्या घरी दोर असेल तर तो वाळवून ठेवा, आणि वापरण्याआधी त्याचा पीळ उघडून बघा. माझा उद्या कोणी उघडेल, असे मला वाटत नाही.